छोटा संगणक जागा होत नाहीं तेव्हां



आजचा विषय संगणकाचा आहे हें ऐकून आपल्यापैकीं कोणी रेडिओचा कान पिळण्यासाठीं हात पुढें केला असेल, तर त्यांस माझी विनंति आहे कीं, त्यांनीं दोन मिनिटें थांबावें. मी बोलणार आहें तें कचेरींतल्या मेजावरील मोठ्या संगणकाविषयीं नव्हे. तळहातावर मावणाऱ्या, पानाच्या तबकांत ठेवला तर सुपारीच्या डबीशेजारीं सहज खपून जाईल अशा छोट्या संगणकाविषयीं मला बोलावयाचें आहे. आणि असा एक तरी संगणक बहुतेक आपल्या घरांत आहे, मग हें आपणांस ठाऊक असो वा नसो. भिंतीवर लुकलुकणारा वायफायचा डबा, दूरचित्रवाणीखालचा सेट-टॉप बॉक्स, सोसायटीच्या दारावरील कॅमेऱ्यांचीं चित्रें सांठवणारी पेटी, ह्या प्रत्येकाच्या पोटांत एक लहानसा संगणक असतो, आणि पुष्कळदां तो युनिक्सच्या कुळांतील एखाद्या प्रणालीवर चालत असतो. एखाद्या दुकानांतील किंवा स्थानकावरील पडद्यावर जाहिरातीच्या जागीं काळ्या पाटीवर पांढऱ्या इंग्रजी ओळी उभ्या राहिलेल्या आपण पाहिल्या असतील. तो ह्याच कुळांतला एक जीव. जागा होतां होतां मध्येंच अडलेला.

तो अडतो कां, कोठें अडतो, आणि अडल्यावर घरच्या माणसानें काय करावें व विशेषतः काय करूं नये, एवढेंच मी आज सांगणार आहें.

ह्या कुळाचा मूळ पुरुष युनिक्स. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्प्सन व डेनिस रिची ह्यांनीं १९६९ सालीं त्याचा आरंभ केला. पुढें १९९१ सालीं फिनलंडांतील लिनस टोर्वाल्ड्स ह्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें त्याच धर्तीवर एक नवा गाभा लिहिला आणि तो जगास खुला करून दिला. त्याचें नांव लिनक्स. त्यानंतर २०१२ सालीं इंग्लंडांत रास्पबेरी पाय नांवाची एक हिरवी पट्टी विक्रीस आली. लांबी ८५ मिलिमीटर, रुंदी ५६, किंमत त्या वेळीं ३५ डॉलर. मुलांनीं संगणक नुसता वापरूं नये, तो उघडून पाहावा, हा तिच्या कर्त्यांचा हेतु होता. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ती मिळूं लागली, आणि आमच्या कल्याण-डोंबिवलीकडील कित्येक हौशी मुलें ग्रँट रोडला उतरून ती खिशांत घालून परत येऊं लागलीं. मी पुढें जें सांगणार आहें तें मुख्यतः ह्या पट्टीस धरून सांगेन. कारण तिचें पोट उघडें आहे. वायफायच्या डब्याचें पोट बंद असतें, पण रोग तेच.

संगणक सुरू होण्याच्या क्रियेस इंग्रजींत बूट होणें म्हणतात. पायांतल्या बुटाशीं ह्याचा खरोखरच संबंध आहे. बूट ओढून घालण्यासाठीं त्याच्या मागें जी पट्टी असते, ती धरून स्वतःच स्वतःस जमिनीवरून उचलणें, अशा अशक्य गोष्टीवरून हा शब्द निघाला. आपलीच शेंडी धरून विहिरींतून वर यावें, तसा हा प्रकार. आणि अडचणही खरीच तशी आहे. संगणकास कोणतेंही काम करावयाचें तर त्या कामाच्या आज्ञा आधीं त्याच्या स्मृतींत असल्या पाहिजेत. पण वीज गेली कीं ती स्मृति कोरी होते. मग कार्डावरील आज्ञा स्मृतींत आण, ही पहिली आज्ञा त्यास द्यावी कोणीं? जुन्या मोठ्या यंत्रांवर हें काम माणूस करी. यंत्राच्या दर्शनी फळीवरील खटके एकेक वर-खालीं करून तो पहिल्या कांहीं आज्ञा हातानें भरीत असे. आजच्या छोट्या यंत्रांत त्या आज्ञा कारखान्यांतच सिलिकनच्या तुकड्यांत कायमच्या कोरलेल्या असतात.

पुढचें सारें समजण्यास शाळेचा दाखला पुरेसा आहे. मी पस्तीस वर्षें शाळामास्तर होतों, तेव्हां दुसरा दाखला मला सुचणारही नाहीं. शाळा सकाळीं उघडते कशी? प्रथम शिपाई येतो. त्यास अभ्यासक्रम ठाऊक नसतो. कचेरीची किल्ली कोणत्या खिळ्यास टांगली आहे एवढें त्यास पक्कें ठाऊक असतें, आणि तेवढें पुरतें. तो कचेरी उघडतो. मग कारकून येतो. आज कोणती सूचना लागली आहे, कोणता वर्ग कोठें बसावयाचा, हें तो फळ्यावर पाहतो आणि मुख्याध्यापकांचें दालन सिद्ध करतो. मग मुख्याध्यापक येतात. शाळेचें कपाट, हजेरीपट, वेळापत्रक त्यांच्या ताब्यांत येतें. ते घंटा देण्यास सांगतात, आणि एकेक शिक्षक आपापल्या वर्गावर जातो.

आमच्या छोट्या संगणकांतही हाच क्रम. शिपाई म्हणजे तुकड्यांत कोरलेल्या त्या पहिल्या आज्ञा. त्या कार्डाच्या पहिल्या लहान भागांत ठराविक नांवाची फाइल शोधतात, दुसरें कांहीं जाणत नाहींत. कारकून म्हणजे लोडर. तो मांडणीची फाइल वाचतो आणि गाभा, ज्यास कर्नल म्हणतात, तो उचलून स्मृतींत ठेवतो. कर्नल हे मुख्याध्यापक. ते कार्डाचा दुसरा, मोठा भाग ताब्यांत घेतात. त्यास रूट म्हणजे मूळ असें नांव आहे, कारण साऱ्या फाइलींचा वृक्ष तेथून निघतो. मग ते एका क्रमांकाची प्रक्रिया सुरू करतात, आणि ती बाकीच्या सर्वांस कामास लावते: जाळें, घड्याळ, पडदा आणि आपण त्या यंत्राकडून जें काम घेत असूं तें.

आतां समजा, एके दिवशीं शाळा भरली नाहीं. मुलें फाटकाबाहेर उभीं आहेत. अशा वेळीं कोणी शाळा पाडून नवी बांधा म्हणेल काय? फाटकास कुलूप आहे, कीं कचेरी उघडी आहे पण मुख्याध्यापक आले नाहींत, कीं तेही आले आहेत आणि कपाटाची किल्ली हरवली आहे, हें आपण आधीं पाहूं. संगणकाच्या बाबतींत मात्र पहिला सल्ला नेमका पाडण्याचा मिळतो. "कार्ड पुसून टाका, सगळें नव्यानें भरा." दहा मिनिटांत यंत्र चालूं लागतें आणि दुरुस्ती करणारा शहाणा ठरतो. कार्डावर आपलें स्वतःचें असें कांहीं नसेल तर माझीही त्यास हरकत नाहीं. पण असेल तर? म्हणून प्रश्न असा विचारावा कीं, शेवटचें बरोबर झालेलें काम कोणतें? त्याच्या पुढच्या पायरीवर दोष सांपडतो.

सर्वांत पहिला संशय विजेवर घ्यावा. ह्या पट्टीस ५ व्होल्टचा दाब लागतो. तो सुमारें ४.६३ व्होल्टच्या खालीं गेला कीं ती कुरकुरूं लागते. बऱ्याच नमुन्यांत तांबडा दिवा विझतो किंवा मिचकतो, आणि पडदा जोडलेला असल्यास त्याच्या कोपऱ्यांत विजेची खूण उमटते. घरोघर चूक होते ती ही कीं, पट्टीस मोबाइलचा जुना चार्जर लावतात. त्यावर ५ व्होल्ट असें छापलेलें असतें, तें खोटेंही नसतें. परंतु तार लांब व बारीक असली तर तिच्यांतच दाब खर्च होतो. तारेचा रोध तीन दशांश ओहम धरा आणि प्रवाह दीड अँपिअर. गुणाकार करा, ०.४५ व्होल्ट तारेंतच गेले. पट्टीपाशीं पोंचले ४.५५. आठवींतला मुलगाही हें गणित करील, पण बाजारांत तार घेतांना तें कोणास आठवत नाहीं. २०१६ सालच्या तिसऱ्या नमुन्यास अडीच अँपिअरचा आणि २०१९ सालच्या चौथ्या नमुन्यास तीन अँपिअरचा चार्जर कर्त्यांनीं सांगितला आहे. यंत्र अडलें असतां त्यास टोंचलेल्या बाकीच्या वस्तु, बाहेरची डिस्क, कॅमेरा, कळफलक, सर्व काढून टाकाव्या आणि चांगल्या चार्जरवर, आंखूड तारेवर पुन्हां पाहावें. निम्में दुखणें कित्येकदां येथेंच बरें होतें.

विजेची गोष्ट आमच्या भागांत विशेष सांगण्याजोगी आहे. २००५ नंतरच्या कांहीं वर्षांत कल्याण-डोंबिवलींतील माणसास भारनियमनाचें वेळापत्रक लोकलच्या वेळापत्रकाइतकें पाठ असे. ते दिवस गेले. पण पावसाळ्याच्या तोंडावर पहिला वारा सुटला कीं दिवे जातात, येतात, पुन्हां जातात, ही आमची जुनी ओळख कायम आहे. माणूस म्हणतो, "आले एकदांचे!" छोट्या संगणकास मात्र सरळ अंधारापेक्षां हें येणें-जाणेंच अधिक घातक. कारण तो जागा होतांना कार्डावर कांहींतरी लिहीत असतो. ओळ अर्धी लिहिली आणि हातांतली लेखणी हिसकली, अशी त्याची गत होते.

वीज ठीक असेल तर कार्डाकडे वळावें. हिरवा दिवा कार्डाच्या वाचनाबरोबर लुकलुकतो. तांबडा लागला आणि हिरवा मुळींच हालला नाहीं, तर शिपायास किल्ली सांपडली नाहीं असें समजावें. यंत्र बंद करून कार्ड काढावें, कोरड्या मऊ फडक्यानें त्याचीं सोनेरी बोटें पुसावीं, नीट बसवावें. खाडीकांठच्या दमट हवेंत एवढ्यानेंही पुष्कळ वेळां काम भागतें. हिरवा दिवा ठराविक संख्येनें मिचकत असेल तर तीही एक भाषा आहे: चार वेळां मिचकून थांबत असेल तर लोडरची फाइल सांपडत नाहीं, सात वेळां मिचकत असेल तर कर्नल सांपडत नाहीं. पडद्यावर इंद्रधनुष्यासारखा रंगीत चौकोन येऊन तेथेंच राहिला, तर कारकून आला, मुख्याध्यापक आले नाहींत. चौथ्या नमुन्यापासून कारकुनाची पहिली बैठक कार्डावरून काढून पट्टीवरच्या एका लहान स्मृतींत नेली आहे, त्यामुळें कार्ड नसलें तरी तो पडद्यावर आपली तक्रार लिहून दाखवतो.

कर्नल एकदां जागा झाला कीं काम सोपें होतें, कारण तो बोलका आहे. काय केलें, काय सांपडलें, काय सांपडलें नाहीं, सर्व ओळीओळीनें सांगत जातो. दुर्दैवानें, पाहणाऱ्यास भीति वाटूं नये म्हणून हल्लीं त्याचें तोंड बंद करून ठेवण्याची पद्धति पडली आहे. पहिल्या भागांत एका ओळीची एक फाइल असते, तींत क्वाएट असा शब्द लिहिलेला असतो. तो शब्द काढावा, म्हणजे ओळी दिसूं लागतात. मात्र ती फाइल एकाच ओळीची राहिली पाहिजे. सोयीसाठीं कोणीं दोन ओळी केल्या तर दुसरी ओळ वाचलीच जात नाहीं, आणि बरा होणारा रोगी आणखी आजारी पडतो. ज्या यंत्रास पडदा नाहीं, उदाहरणार्थ वायफायचा डबा, त्यास तीन तारांची जोडणी करून दुसऱ्या संगणकावर त्याचें बोलणें ऐकतां येतें. एक तार बोलण्याची, एक ऐकण्याची, एक जमिनीची. वेग बहुधा सेकंदास १,१५,२०० ठोक्यांचा. आमच्या पट्टीवर ह्या तारांचा दाब ३.३ व्होल्टचाच असावा लागतो. तेथें ५ व्होल्ट लावले तर बोलणारा कायमचा मुका होण्याचा संभव आहे. घरच्या बंद डब्याचें झांकण मात्र ज्यास माहिती नाहीं त्यानें उघडूं नये, आणि भिंतींतल्या विजेशीं जोडलेलें असतां तर मुळींच नाहीं.

ह्या ओळींत अडण्याचीं कारणें बहुधा ठरलेलीं असतात. एक म्हणजे मूळ भाग सांपडत नाहीं; त्याचा पत्ता त्या एका ओळीच्या फाइलींत चुकीचा लिहिला गेलेला असतो किंवा तो भागच बिघडलेला असतो. मग कर्नल पॅनिक असे शब्द लिहून थांबतो. पॅनिक म्हणजे गाळण उडणें. पण गाळण त्याची उडते, आपली उडूं नये. दुसरें कारण हास्यास्पद आहे. कोणे एके काळीं एक बाहेरची डिस्क जोडलेली होती, तिची नोंद यादींत राहिली, डिस्क घरच्या मुलानें काढून नेली. यंत्र तिची दीड मिनिट वाट पाहतें आणि मग संकटाची स्थिति जाहीर करून बसतें. यादींतील त्या नोंदीपुढें, ही नसली तरी चालेल, अशा अर्थाचा एक शब्द लिहिला कीं झालें. आणखी एक गोष्ट जाणून असावी. २०२३ सालच्या पांचव्या नमुन्यापूर्वींच्या पट्ट्यांत स्वतंत्र घड्याळ नाहीं. वीज गेली कीं काळ थांबतो, आणि यंत्र जागें होतें तें कालच्या तारखेंत. मग इंटरनेटवरील स्थळें त्यास दारांत उभें करीत नाहींत. तो अडथळा जागें होण्याचा नव्हे, पण लोक त्यासाठींही कार्ड पुसतात!

आणि एक कारण म्हणजे जागाच उरली नाहीं. ह्याचा सर्वांत प्रसिद्ध दाखला पृथ्वीवरचा नाहीं. स्पिरिट नांवाची अमेरिकेची चाकांची गाडी ४ जानेवारी २००४ ला मंगळावर उतरली. २१ जानेवारीला तिचें बोलणें विसकटलें. तिच्यांतील प्रणाली युनिक्स नव्हती, पण दुखणें अगदीं आमचेंच होतें. तिच्या २५६ मेगाबाइटच्या सांठवणींत फाइली इतक्या झाल्या होत्या कीं, त्यांची यादी मांडण्यास स्मृति पुरेना. स्मृति पुरली नाहीं कीं ती पुन्हां पहिल्यापासून जागी होई; जागी झाली कीं पुन्हां तीच यादी मांडूं पाही; पुन्हां पडे. असें साठांहून अधिक वेळां झालें. रात्रीं तिनें निजावयाचें, तेंही तिला जमेना आणि बॅटरी उतरूं लागली. कोट्यवधि मैलांवरच्या त्या यंत्राचें कार्ड कोण काढणार? पॅसाडेना येथील प्रयोगशाळेंतील मंडळींनीं तिला आज्ञा पाठविली कीं, सांठवणीकडे पाहूंच नकोस, तिच्यावांचून जागी हो. ती झाली. मग त्यांनीं नको त्या फाइली काढल्या, पुढें सांठवण पुसून नीट मांडली, आणि फेब्रुवारीच्या आरंभीं गाडी पुन्हां कामास लागली. ९० मंगळ-दिवसांसाठीं पाठविलेल्या त्या गाडीचा शेवटचा निरोप २२ मार्च २०१० ला आला. त्यांनींही सांठवण शेवटीं पुसली, पण केव्हां? दोष कोणत्या पायरीवर आहे हें कळल्यावर.

आतां एक आमच्याकडची हकीकत. कल्याणांतील एका शाळेंत अशीच एक पट्टी होती. ग्रंथालयाची यादी तीवर होती, तासांची घंटा तीच देई, आणि आणखी एक काम तिच्याकडे होतें. नववीच्या मुलांनीं दोन वर्षें गांवांतील वृद्धांकडे जाऊन त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित केल्या होत्या. कल्याणची लष्करी छावणी निर्वासित सिंधी कुटुंबांनीं भरली आणि १९४९ सालीं तिचें उल्हासनगर असें नामकरण झालें, तो काळ लहानपणीं डोळ्यांनीं पाहिलेले कांहींजण त्यांत होते. २६ जुलै २००५ च्या महापुराच्या रात्रीं शेजारच्या चाळींतील मुलांस माळ्यावर चढविणाऱ्या एक आजी होत्या. एकूण एकेचाळीस आवाज. त्यांपैकीं सहा माणसें त्यानंतर वारलीं. हें सारें त्या नखाएवढ्या कार्डावर होतें, आणि केवळ तेथेंच होतें.

मेच्या अखेरीस एका संध्याकाळीं वादळी वारा सुटून पाव तासांत तीनदां वीज गेली व आली. दुसऱ्या दिवशीं घंटा झाली नाहीं. एका दुकानांत कार्ड दाखविलें. तेथें सल्ला मिळाला तो आपण ओळखलाच असेल. शाळेच्या शिक्षिकाबाईंनीं तो मानला नाहीं. मी निवृत्त असल्यामुळें रिकामा, आणि मला ह्या विषयाचा नाद. म्हणून त्यांनीं मला बोलाविलें. माझ्याबरोबर शाळेचे दोन माजी विद्यार्थी होते.

पाहिलें तों तांबडा दिवा मिचकत होता. मोबाइलचा चार्जर आणि दोन मीटर लांबीची तार. दुसरा चार्जर लावला. तांबडा स्थिर झाला, हिरवा लुकलुकला, रंगीत चौकोन येऊन गेला, ओळी धांवूं लागल्या, आणि मूळ भाग जोडतां येत नाहीं असें सांगून कर्नल थांबला. म्हणजे शिपाई ठीक, कारकून ठीक, मुख्याध्यापकही आले, कपाट उघडेना. येथें त्या मुलांपैकीं एकाचा हात लगेच दुरुस्तीच्या आज्ञेकडे वळला. मीं त्यास थांबविलें. ती आज्ञा वाईट नाहीं, पण ती कार्डावर लिहिते. आणि जें कार्ड आधींच आजारी आहे त्यावर आणखी लिहिणें म्हणजे जीर्ण पोथीवर शाईनें शुद्धि करण्यासारखें आहे. प्रथम नक्कल.

कार्ड काढून लिनक्स चालणाऱ्या दुसऱ्या संगणकास लावलें, तें न उघडतां. डीडीरेस्क्यू नांवाचा एक कार्यक्रम आहे. तो प्रथम जें सहज वाचतां येतें तें सर्व उतरून घेतो, अडेल तेथें हट्ट न करतां पुढें जातो, आणि मग राहिलेल्या जागांकडे पुन्हां पुन्हां येतो. परीक्षेंत सोपे प्रश्न आधीं सोडवावे हें आम्हीं मुलांस सांगतों, तेंच. बत्तीस गिगाबाइटचें कार्ड उतरण्यास दुपार गेली. थोड्या जागा शेवटपर्यंत वाचल्या गेल्या नाहींत. त्या नकलेची आणखी एक नक्कल केली, आणि दुरुस्ती त्या दुसऱ्या नकलेवर चालविली. मूळ भागाच्या आरंभीं साऱ्या मांडणीचा जो गोषवारा असतो, तोच बिघडला होता. पण ह्या प्रणालीच्या कर्त्यांनीं दूरदृष्टीनें त्या गोषवाऱ्याच्या प्रति पुढें ठिकठिकाणीं ठेवलेल्या असतात. पहिली प्रत बहुधा ३२,७६८ व्या ठोकळ्यावर मिळते. दुरुस्तीच्या आज्ञेस ती प्रत दाखविली, आणि काम पुढें सरकलें.

फाइली सांपडल्या, पण नांवांवांचून. ज्या फाइलींचा पत्ता हरवतो त्या दुरुस्तीनंतर हरवलें-सांपडलें अशा अर्थाच्या एका वेगळ्या कप्प्यांत येऊन पडतात, आणि प्रत्येकीस नांवाऐवजीं एक अंक मिळतो. कोणती फाइल ध्वनीची आणि कोणती नाहीं, हें तिच्या पहिल्या कांहीं अक्षरांवरून यंत्र सांगूं शकतें. पण तो ध्वनि कोणाचा, हें यंत्रास कसें कळणार?

येथें उपयोगी पडली ती एक दोनशें पानी वही. शिक्षिकाबाईंनीं मुलांस शिस्त लावली होती कीं, ध्वनिमुद्रण करतांना तारीख, सांगणाऱ्याचें नांव, आरंभाची व शेवटाची वेळ वहींत पेनानें लिहावयाची. आम्हीं प्रत्येक फाइलीची लांबी काढली आणि वहीशीं ताडून पाहिली. एकोणतीस नांवें तेवढ्यानें लागलीं. उरलेल्या फाइली मुलांनीं वर्गांत बसून ऐकल्या. ज्यानें ज्या आजोबांचें मुद्रण केलें होतें त्यास आपलाच प्रश्न विचारणारा आवाज ओळखूं येई. अशा रीतीनें आणखी नऊ लागलीं. एका फाइलीचा मधला तुकडा गेला, तो गेलाच. दोन फाइली उघडल्याच नाहींत; कार्डावरील न वाचलेल्या जागा नेमक्या त्यांच्या होत्या. त्यांपैकीं एक पारनाक्यावरील आजोबा हयात होते, त्यांच्याकडे मुलें पुन्हां गेलीं. दुसऱ्या, त्या महापुराच्या आजी. त्या आतां नाहींत.

मग शाळेनें काय व्यवस्था केली तें सांगतों, म्हणजे आपल्याही उपयोगीं पडेल. योग्य चार्जर आणि आंखूड तार घेतली. विजेच्या येण्या-जाण्यापासून बचाव म्हणून वायफायच्या डब्यास लावतात तशी लहान बॅटरी मध्यें बसविली. पट्टीस पुरेसा प्रवाह ती देईल ना, हें आधीं मोजून पाहिलें. कार्ड नवें घातलें, आणि त्यावरील मूळ भाग केवळ वाचनासाठीं ठेवला, म्हणजे वीज कधींही गेली तरी अर्धी राहणारी ओळच नाहीं. आवाज कार्डावर ठेवावयाचेच नाहींत असें ठरलें. ते दोन वेगळ्या डिस्कांवर ठेवले, एक शाळेंत आणि एक ठाण्यांत एका विश्वस्तांच्या घरीं. यंत्र बंद करतांना वायर उपटावयाची नाहीं, बंद होण्याची आज्ञा द्यावयाची आणि हिरवा दिवा शांत झाल्यावर खटका दाबावयाचा, ही सूचना मराठींत लिहून पट्टीच्या डब्यावर चिकटविली. ज्यांस ही विद्या मुळापासून शिकावयाची आहे त्यांच्यासाठीं पवईच्या आयआयटी मुंबईनें स्पोकन ट्युटोरियल ह्या नांवानें लिनक्सचे पाठ तयार केले आहेत, त्यांत मराठी आवाजांतीलही आहेत. ते फुकट मिळतात. शाळेंतील आठवीचीं मुलें सध्यां तेच पाहत आहेत, आणि वही अर्थातच चालू आहे. तिचें दुसरें पुस्तक ह्या जूनमध्यें घातलें.